जहाज गेले, माणसे वाचली: देवाच्या अभिवचनांवर विसंबून विजयी जीवन कसे जगायचे

विजयी ख्रिस्ती जीवन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आजार, कर्ज आणि कटकटी नसलेले घर येते. मग घरात आजारपण आले किंवा नोकरी गेली की मनात पहिला प्रश्न उठतो, "माझा विश्वास कमी पडला का?" पण रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल आपल्याला महाविजयी म्हणतो, तेव्हा त्याआधीच्याच ओळींत त्याने क्लेश, आपत्ती, छळणूक, उपासमार, नग्नता, संकट आणि तरवार यांची यादी दिलेली आहे. "ह्या सर्व गोष्टींत" आपण विजयी ठरतो, असे त्याचे म्हणणे आहे. या गोष्टी टळल्यावर मिळणाऱ्या विजयाबद्दल तो तिथे बोलतच नाही.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहायचे असेल तर प्रेषितांची कृत्ये 27वा अध्याय एका बैठकीत वाचून काढा. पौल कैदी आहे आणि त्याला समुद्रमार्गे रोमला नेत आहेत. जहाजावर 276 माणसे आहेत. वादळ असे की कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे. वाचण्याची सगळी आशा संपलेली असताना देवाचा दूत पौलाला सांगतो, "भिऊ नको. तुला कैसरापुढे उभे राहायचे आहे, आणि तुझ्याबरोबर जे प्रवास करत आहेत ते सगळे देवाने तुला दिले आहेत." पौल उठून सर्वांना धीर देतो, "देवावर माझा भरवसा आहे, त्याने सांगितले तसेच घडेल." मात्र त्याच दमात तो हेही सांगतो की जहाज जाणार, आणि आपण कुठल्या तरी बेटावर आदळणार.

वचन माणसांच्या जिवाबद्दल होते. जहाजाबद्दल देवाने काहीच कबूल केले नव्हते. देवाच्या अभिवचनांवर जगताना आपली सर्वांत जास्त ओढाताण इथेच होते, असे मला वाटते. देव जीव वाचवण्याचे वचन देतो आणि आपण मनात जहाजही धरून बसतो. मग जहाज फुटले की देवाने शब्द मोडला असे वाटू लागते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये पहिल्या पायरीला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. ती चुकली तर पुढचे सगळे डळमळते.

पायरी पहिली: देवाने नेमके काय म्हटले आहे ते शोधा

पवित्र शास्त्र उघडायचे, बोट जिथे पडेल ते वचन घ्यायचे आणि "देवाने मला हे दिले" असे म्हणायचे, ही सवय सोडून द्या. तसेच फोनवर रोज येणाऱ्या सुंदर चित्रांवरची सुटी वचनेही लगेच धरू नका. एखादे वचन मनाला भिडले तर त्याचा संपूर्ण अध्याय वाचा आणि जमल्यास आधीचा व नंतरचाही वाचा. मग वहीत लिहा: हे कोण कोणाला म्हणत आहे? त्या वेळी त्या लोकांवर काय गुदरले होते? काही अट आहे का? देव काय देईन म्हणतो, आणि कशाबद्दल तो काहीच म्हणत नाही?

यिर्मया 29:11 घ्या. "तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत" हे वचन परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, लग्नाच्या पत्रिकेवर सगळीकडे दिसते. ते एका पत्रातले आहे, आणि ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवले होते. आधीच्या ओळीत देव सांगतो की 70 वर्षे भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. म्हणजे हे ऐकणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांचे देह त्याच परक्या भूमीत पडणार होते. त्याच्याही आधी त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सगळे परत येतील अशी ग्वाही देत होता. लोकांना ऐकायला कोणता संदेश गोड लागला असेल हे सांगायला नको. पण तो देवाचा नव्हता.

मग हे वचन आपल्यासाठी नाही का? आहे. सत्तर वर्षांच्या बंदिवासातही ज्या देवाने आपल्या लोकांविषयीचा हिताचा संकल्प सोडला नाही, तोच आपला देव आहे. येत्या महिन्यात हवी ती नोकरी मिळेलच असे मात्र हे वचन सांगत नाही. आणि नीट समजलेले वचन अर्धवट समजलेल्या वचनापेक्षा फार मोठे असते, हा अनुभव तुम्हांला हळूहळू येऊ लागेल.

फिलिप्पैकरांस पत्र 4:13 चेही तसेच आहे. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे शब्द बेड्यांत असलेल्या माणसाचे आहेत. त्याआधी तो सांगतो की भरपूर असताना कसे राहावे आणि टंचाईत कसे राहावे, हे मी शिकलो आहे. म्हणजे त्या "सर्वकाही"मध्ये उपाशी राहूनही समाधानी असणे येते.

वचन संदर्भातून तोडले तर काय होते याचे सर्वांत गंभीर उदाहरण मत्तय 4थ्या अध्यायात आहे. मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतान प्रभू येशूला 91वे स्तोत्र ऐकवतो, "दूत तुला हातांवर झेलतील, उडी टाक." शब्द शास्त्रातलेच होते. प्रभूने अनुवाद 6:16 मधून उत्तर दिले, "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको." शास्त्राचे एक वचन दुसऱ्या वचनाच्या उजेडात वाचायचे असते. व्यासपीठावरून कोणी "इतके दान पेरा, देव त्याच्या शंभरपट देण्यास बांधील आहे" असे सांगू लागला तर हीच कसोटी लावा. देव उदार आहे. पण त्याच्याशी सौदा करता येत नाही, आणि गरिबाच्या हातातले शेवटचे पैसे काढून घेणारी शिकवण प्रभूच्या मुखातली नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवा. नीतिसूत्रांमधील बरीचशी वाक्ये जीवनाचा सर्वसाधारण नियम सांगणारी बोधवचने आहेत, करारातल्या शपथेसारखी अभिवचने नाहीत. "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे, म्हणजे वृद्धपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही" हे वचन वाचून, मुले भरकटलेल्या किती आईबापांनी स्वतःला दोषी धरले आहे! त्या ओळीचा हेतू त्यांना फाशी देण्याचा नाही.

शेवटी विचारा: हे वचन ख्रिस्तात कसे पूर्ण होते? 2 करिंथकरांस 1:20 म्हणते की देवाची वचने कितीही असोत, ख्रिस्तामध्ये ती "होय" अशी आहेत. ती आपल्या लायकीवर टिकून नाहीत. वधस्तंभावर त्यांची किंमत चुकती झालेली आहे. ज्या दिवशी प्रार्थना कोरडी जाते आणि स्वतःचीच किळस येते, त्या दिवशीही ती तितकीच पक्की असतात.

पायरी दुसरी: आजच्या लढाईला नाव द्या

"प्रभू, मला आशीर्वाद दे" ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती फार मोघम आहे. आज तुमचा पराभव नेमका कुठे होतो आहे? भीतीपुढे, रागापुढे, वाईट सवयीपुढे, जुन्या पापाच्या दोषभावनेपुढे, की एकटेपणापुढे? एका ओळीत स्पष्ट लिहा. "मला काळजी वाटते" असे लिहिण्यापेक्षा "शस्त्रक्रियेनंतर आई उठेल की नाही या विचाराने मला झोप लागत नाही" असे लिहा.

मग त्याच लढाईसाठीचे एक वचन घ्या. ढीगभर नकोत. दोषभावना छळत असेल तर 1 योहान 1:9: आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून क्षमा करील. मोह असेल तर 1 करिंथकरांस 10:13: देव तुमच्या शक्तीपलीकडे परीक्षा येऊ देणार नाही, आणि निभावण्याचा मार्गही करील. निर्णय घ्यायचा असेल तर याकोबाचे पत्र 1:5, जिथे ज्ञान मागणाऱ्याला देव दोष न लावता देतो. काळजीसाठी फिलिप्पैकरांस 4:6-7. एकटेपणात इब्री लोकांस पत्र 13:5, "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही." आणि जे संकट टळणार नाही हे दिसत आहे, त्यासाठी यशया 43:2. तिथे देव "पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन" म्हणतो. पाणी आटवून टाकीन असे तो म्हणत नाही.

निवडलेले वचन पाठ करा. रात्री दोन वाजता भीती येते तेव्हा पुस्तक शोधायला हात जात नाही. जे मनात साठवलेले असते तेच तोंडी येते. अरण्यात उपाशी असताना प्रभू येशूने तिन्ही वेळा शास्त्रातूनच उत्तर दिले.

पायरी तिसरी: वचन प्रार्थनेत देवापुढे ठेवा

इसहाकाचा मुलगा याकोब, पूर्वी ज्याला फसवले होते त्या भावाला, एसावाला, भेटायला निघाला तेव्हा भीतीने त्याची गाळण उडाली होती. उत्पत्ती 32मधली त्याची प्रार्थना पाहा. तो आधी देवाला आठवण करून देतो: "आपल्या देशी परत जा, मी तुझे कल्याण करीन, असे तूच मला म्हणालास." मग कबूल करतो की तू केलेल्या एवढ्या कृपेला मी पात्र नाही. मग सरळ मागतो: भावाच्या हातून मला सोडव. मला त्याची भीती वाटते. आणि शेवटी पुन्हा वचनावर येतो, "तू तर म्हणाला आहेस." भीती लपवलेली नाही, आणि वचनही सोडलेले नाही.

बाबेलच्या बंदिवासात असलेल्या दानिएलाचे तर फारच शिकण्याजोगे आहे. यिर्मयाच्या ग्रंथात वाचून त्याला समजले की 70 वर्षे सरत आली आहेत. आता देव करणारच आहे, मग मागायचे कशाला, असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. तो उपास करून, गोणपाट नेसून प्रार्थनेला बसला (दानिएल 9). देवाने वचन दिले आहे, हेच मागण्याचे सर्वांत भक्कम कारण असते.

तुमची प्रार्थना अशी असू शकेल: "हे बापा, मला न सोडण्याचे वचन तू दिले आहेस. आज मला तू जवळ असल्यासारखे अजिबात वाटत नाही. माझ्या वाटण्यापेक्षा तुझा शब्द खरा आहे, म्हणून मी त्याला धरतो. आज दुपारी त्या बैठकीत मला तुझ्या सोबतीची जाणीव ठेवून बोलू दे. येशूच्या नावाने, आमेन." आवाज चढवण्याची गरज नाही. वचन शंभर वेळा घोकल्याने ते जास्त खरे होत नाही. आणि विश्वास डळमळत असेल तर मार्क 9:24मधल्या बापासारखे म्हणा, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." तेवढ्या विश्वासावरही प्रभूने त्याच्या मुलाला बरे केले.

पायरी चौथी: वचन खरे आहे असे धरून आजचे काम करा

पुन्हा त्या जहाजावर या. सगळे वाचणार हे पौलाला देवाकडून कळलेले आहे. चौदाव्या रात्री काही खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने होडी खाली सोडून पळू पाहतात. पौल लगेच शताधिपतीला सांगतो, "हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही." शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. मग पौल सर्वांना जेवायचा आग्रह करतो, स्वतः भाकर घेतो, सर्वांसमोर देवाचे आभार मानून खातो. वचन मिळाले म्हणून तो हात बांधून बसला नाही. वचनामुळेच त्याचे डोके शांत राहिले, आणि पुढे काय करायला हवे ते त्याला दिसले.

मोहाच्या बाबतीत ही पायरी फार ठोस असते. देव निसटण्याची वाट देईन म्हणतो. ती वाट बहुतेक वेळा साधी असते: खोलीतून उठून बाहेर जाणे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणे, ज्या सोबतीत पाय घसरतो ती सोडणे, आणि एका विश्वासू बहिणीला किंवा भावाला खरे काय ते सांगून ठेवणे. याकोबाचे पत्र 5:16 एकमेकांजवळ पापे कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगते. लपलेले पाप अंधारात बळावते. कोणाला सांगावे याचा मात्र नीट विचार करा. ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि जो तुमच्यासाठी खरोखर गुडघे टेकतो, अशाच माणसाला सांगा.

आर्थिक ओढ असेल तर मत्तय 6:33 धरून जमाखर्च लिहायला बसा, कर्ज देणाऱ्याशी खरे बोला, मिळेल ते प्रामाणिक काम घ्या. नाते तुटले असेल तर पहिला निरोप तुम्ही पाठवा.

आजारपणाबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. देव बरे करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि म्हणूनच सांगतो: विश्वास दाखवण्यासाठी औषध बंद करू नका. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सुचवला. मन खचून जगणे नकोसे झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले (1 राजे 19). मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नाही.

पायरी पाचवी: थांबण्याच्या दिवसांत काय करायचे

तुझे मोठे राष्ट्र करीन, हे देवाचे वचन धरून अब्राहाम आपला देश सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता. वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा तो 100 वर्षांचा होता. मधली 25 वर्षे आपण एका श्वासात वाचून टाकतो. त्याच काळात हागारेचे प्रकरण घडले: देवाला उशीर होतो आहे असे वाटून त्याने आणि त्याची बायको सारा हिने दासी हागारेकडून मूल मिळवण्याचा मार्ग स्वतःच काढला, आणि त्याचे दुःख घरातल्या प्रत्येकाने भोगले. उशिराच्या काळात सर्वांत मोठा मोह असतो तो वचन सोडण्याचा नव्हे, तर वचन आपल्याच युक्तीने पुरे करण्याचा. प्रभूवर प्रेम नसलेल्या माणसाशी घाईने लग्न, खोट्या कागदावर मिळवलेली संधी, दबाव टाकून घेतलेला होकार या सगळ्या हागारेच्याच वाटा आहेत.

कालेबाकडेही पाहा. 40 वर्षांचा असताना तो देवाने इस्राएलाला देऊ केलेला कनान देश हेरायला गेला, बारा हेरांपैकी दहा जण घाबरले, आणि त्यांच्या अविश्वासापायी त्यालाही रानात भटकावे लागले. चूक दुसऱ्यांची होती. तरी 85व्या वर्षी यहोशवापुढे उभा राहून तो म्हणतो, "परमेश्वराने त्या दिवशी सांगितलेला हा डोंगराळ मुलूख मला दे." पंचेचाळीस वर्षांत त्याच्या बोलण्यात कडवटपणा शिरला नाही, याचे मला फार नवल वाटते.

अशा दिवसांत 13वे स्तोत्र वाचा. ते सहाच ओव्यांचे आहे. "हे परमेश्वरा, कोठवर? तू मला सर्वकाळ विसरणार काय?" अशी सुरुवात आहे. देवापुढे रडणे आणि तक्रार करणे हा विश्वासाचाच भाग आहे. देवाशी बोलणे थांबवले तर मात्र जपायला हवे. वहीत वचनाखाली तारीख घालून ठेवा. देवाने आधी जे केले आहे तेही लिहा, लहानसे असले तरी. उपासना चुकवू नका. तुमच्या तोंडून गीत निघत नसेल त्या रविवारी शेजारचा गात असतो, आणि त्याच्या विश्वासावर तुम्हांला थोडा वेळ टेकता येते.

पायरी सहावी: उत्तर वेगळे आले तर

पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळाले. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीपुढे राजाला म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच विश्वासाने हालहाल सोसून मेलेलेही आहेत. देवाने दोघांनाही एकाच यादीत घातले आहे.

म्हणून ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याला "तुझी प्रार्थना कमी पडली" असे कधीही म्हणू नका. तुम्हांला कोणी तसे म्हटले असेल तर ते देवाच्या वतीने म्हटलेले नाही. त्या वेळी पुनरुत्थानाचे वचन धरा. इतर सगळी वचने शेवटी त्याच्यावर उभी आहेत. आणि रडू येईल तितके रडा. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे माहीत असूनही त्याच्या कबरेपाशी प्रभू रडला.

आणि पडलात तर

पडणे होईल. ठरवलेले मोडेल, राग पुन्हा उसळेल, जुनी सवय परत येईल. अशा वेळी लूक 22:31-32 उघडा. शिष्य पेत्र आपल्याला ओळखतच नाही असे म्हणून नाकारणार हे माहीत असताना, त्याच्या पडण्याआधीच प्रभू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याच्या आधीच परत येण्याची वाट आणि परतल्यावरचे काम, दोन्ही ठरलेली होती.

त्यामुळे पडल्यावर शिक्षा म्हणून काही दिवस प्रार्थनेपासून दूर राहू नका. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, पापाला त्याच्या नावाने हाक मारून कबूल करा, 1 योहान 1:9 मोठ्याने वाचा आणि क्षमेबद्दल आभार माना. कोणाचे नुकसान केले असेल तर भरून द्या. तुमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या त्या एका माणसाला फोन करा. वहीतल्या वचनाखाली आजची तारीख पुन्हा लिहा, आणि येत्या रविवारी मंडळीत आपल्या जागेवर जाऊन बसा.